तळाची शेपटी

९ जानेवारी

प्रिय ढब्बू,

तुझी ईमेल मिळाली. दोन ओळी. मूळ नमुन्याचा छोटा तुकडा हवा आहे, शक्यतो याच महिन्यात. खाली तुझं पूर्ण नाव, पदव्या, हुद्दा आणि खोलीचा क्रमांक. हे सख्ख्या बहिणीला. मीही मग उत्तर हुद्द्यानेच लिहायला घेतलं होतं, की संग्रहाची प्रमुख या नात्याने कळवण्यात येते वगैरे. पण तेवढ्यात डोकं फिरलं, आणि डोकं फिरलं की मला कागद लागतो. ईमेल तू जिन्यात उभ्याउभ्या वाचतोस आणि विसरतोस. पाकीट निदान फोडावं तरी लागतं.

तुकडा कशासाठी हे तू लिहिलेलं नाहीस. मला काय दूधखुळी समजतोस? बुरशांच्या वाळक्या नमुन्यांची ही कपाटं मी इतकी वर्षं सांभाळतेय. ज्या पानावरून एखादी प्रजाती पहिल्यांदा ठरवली गेली, ते पान कापायला कोणी कौतुकापोटी मागत नाही. तुझ्या भाषणाचा सारांश तुमच्या विभागाच्या संकेतस्थळावर आहे, तो मी वाचला. त्यातल्या वंशवृक्षात आईच्या प्रजातीभोवती तुटक रेघ आहे आणि खाली बारीक अक्षरांत लिहिलंय, 'शेजारच्या प्रजातीत विलीन करावी'. म्हणजे आईने लावलेली प्रजाती आईच्याच मुलाने पुसून टाकायची, आणि पुसायला लागणारं पान आईच्याच मुलीने पोस्टाने पाठवायचं. वा रे वा.

तुझ्या डीएनए वाचणाऱ्या यंत्रातून आता नुसती अक्षरंच बाहेर पडतात, म्हणून ही बुरशी दिसते कशी ते आठवण म्हणून लिहिते. वाळक्या पानावर टाचणीच्या टोकाएवढे काळे ठिपके. ठिपका फोडला की आत बीजाणू, एकेक लांबट, पाच खणांचा. मधले तीन खण तपकिरी, त्यातले वरचे दोन जास्त गडद, आणि दोन्ही टोकांचे खण बिनरंगी. वरच्या टोकाला तीन शेपट्या, तळाला एक. शेजारच्या प्रजातीत ती तळाची शेपटी अगदी मधून निघते, आपल्या प्रजातीत ती बाजूच्या कोपऱ्यातून निघते. फरक म्हणून काय तो एवढाच. एवढ्याशा फरकावर आईने प्रजाती उभी केली, तिच्यात अकरा जाती घातल्या, आणि आपलं लहानपणही त्यातच घातलं. बाकीच्यांच्या आया विचारायच्या, जेवलास का. आपली विचारायची, मोजल्यास का.

तू तिच्या हाताखाली शिकत असताना तीच बुरशी आईच्या नेहमीच्या पानांच्या काढ्याऐवजी बटाटा-साखरेच्या आगरावर, म्हणजे बशीतल्या घट्ट जेलीवर, वाढवलीस आणि म्हणालास की इथे तळाची शेपटी मधून निघतेय. त्यावर आईने सगळ्या विभागासमोर सांगितलं की तुझ्या बशांमध्ये भेसळ आहे, हात धुवून परत ये. ते वाईट झालं. मी तेव्हाही तसं म्हटलं होतं, तिलाही आणि तुलाही. तू हात धुतलेस आणि परत काही आला नाहीस. आता वाढदिवसाला फोन करतोस, आणि बुरशीत जन्म घालवलेली दोन माणसं पाच मिनिटं हवेवर बोलतात. मी पलीकडच्या खोलीतून ते ऐकत असते, आणि माझ्या डोक्याला ताप होतो.

तुकडा देते. अट एकच. आईला तू स्वतः सांगायचंस. फोनवर सांग, पत्राने सांग, कसंही सांग. मी मधे पडणार नाही.

ताई


२८ जानेवारी

ढब्बू,

या वेळी 'प्रिय' गाळलं आहे, चुकून नाही.

तुझं उत्तर आलं. चार ओळी, म्हणजे प्रगती आहे. तुझ्याकडची जिवंत बुरशी आणि मूळ पानावरची बुरशी एकच आहे हे दाखवल्याशिवाय परीक्षक लेख पुढे सरकू देत नाहीत, हे कळलं. मी त्यांच्या जागी असते तर मीही नसता सरकू दिला. पण शेवटची ओळ: 'ताई, तू तिथे आहेस, तुला तिचा मूड कळतो, तूच योग्य वेळ बघून सांग ना.'

तू तिथे आहेस. पाण्याचा पंप जळला, तू तिथे आहेस. आई जिन्यात घसरली, तू तिथे आहेस. हे आता माझं कामाचं वर्णनच झालंय. आणि योग्य वेळ म्हणशील, तर ती मी आजवर पाहिलेली नाही. सकाळी आई माझ्यावर चिडलेली असते, दुपारी संचालकांवर आणि संध्याकाळी रेडिओवर.

आता चिडूनच लिहितेय तर डोळ्यांचंही लिहिते. तुला सांगायचं नाही असं तिने बजावलं होतं, म्हणून इतके दिवस गप्प होते. समोर बघितलं की मधोमध तिला धुरकट डाग दिसतो. कडेचं दिसतं, मधलं नाही. डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत यायचं नाही. ती माझं तोंड बघताना माझ्या कानाकडे बघते. चहा कपात ओतताना बोट कपाच्या काठावर ठेवते आणि बोट भाजलं की थांबते. मी ओतून दिला तर भांडते.

तरी रोज माझ्याबरोबर संस्थेत येते. स्लाइड स्वतः करते. ठिपका सुईने हाताच्या अंदाजाने फोडते, निळ्या रंगाचा थेंब टाकते, वर पातळ काच ठेवते आणि ताट माझ्याकडे सरकवल्यासारखी ती स्लाइड माझ्यासमोर सरकवते. मग म्हणते, 'बोल.' मी बघते आणि बोलते. किती खण, रंग कुठवर, शेपटीचं टोक फुगीर की निमुळतं. मी घाई केली तर तिला आवाजावरून कळतं. 'प्रकाश कमी कर,' म्हणते, 'शेपट्या बिनरंगी असतात, झगझगीत उजेडात त्या दिसत नाहीत.' हे मी पंचवीस विद्यार्थ्यांना शिकवलंय, पण मलाही ते रोज ऐकावं लागतं.

आणि सध्या आमचं काय चाललंय ठाऊक आहे? बारावी जात. कुंपणाकडच्या झुडपाच्या पानांवर तिला ती सापडली, म्हणजे पानं मी आणली आणि सापडली तिला. तिचं वर्णन अर्धं लिहून झालंय. तू ज्या प्रजातीला तुटक रेघेत कोंडलं आहेस, तिच्यात माझी आई एक्याऐंशीव्या वर्षी नवी जात घालतेय, आणि तू मला योग्य वेळ बघायला सांगतोस.

मी सांगणार नाही. तिला हे तुझ्या तोंडून कळलं पाहिजे. दुसऱ्या कुणाकडून कळलं, तर तिला प्रजाती गेल्याचं दुःख होणार नाही इतकं तू बोलला नाहीस याचं होईल. एवढं साधं तुझ्या डोक्यात शिरत नाही का?

ताई


१६ फेब्रुवारी

ढब्बू, तुझं डोकं ठिकाणावर आहे का?

मी तुकडा अडवून धरला म्हणून तू थेट संचालकांकडे अर्ज पाठवलास. नियमाप्रमाणे. शिक्क्यासकट. तुझा सरळपणा एक दिवस कुणाचा तरी जीव घेईल. मूळ नमुना कापायचा असेल तर तो अर्ज नमुना समितीपुढे मोठ्याने वाचला जातो, हे तू इथेच शिकलास. त्या समितीवर सल्लागार म्हणून कोण बसतं, हेही तुला माहीत आहे. की विसरलास? विसरला असशील तर ते आणखी वाईट.

कारकुनाने आधी प्रजातीचं नाव वाचलं, मग अर्जदाराचं, मग कारण. 'सदर प्रजाती स्वतंत्र नसल्याचे दाखवण्यासाठी.' त्या बिचाऱ्याला आडनाव ओळखीचं वाटलं असावं, कारण तो मधेच थांबला आणि परत पहिल्यापासून वाचायला लागला. सगळे टेबलाकडे बघत होते. संचालकांनी घसा खाकरून हा विषय पुढे ढकलू या म्हटलं. तेव्हा आई म्हणाली, 'ढकलायचं काय त्यात? अर्ज नीट भरलाय. मंजूर करा. फक्त पान कापायच्या आधी मला चार आठवडे हवेत.'

परत येताना गाडी मीच चालवत होते. मी सिग्नलला थांबले तेव्हा तिने विचारलं, 'तुला माहीत होतं?'

'हो.'

'कधीपासून?'

'महिना झाला. त्याने सांगावं म्हणून थांबले होते.'

'तो कशाला सांगेल? मागच्या वेळी सांगितलं तेव्हा मी काय केलं होतं?'

हे तिच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. पुढे ती काही बोलेल म्हणून मी सिग्नल हिरवा झाला तरी थांबले, मागचे भोंगे वाजवायला लागले. ती म्हणाली, 'चल आता, लोक खोळंबलेत.' घरी गेल्यावर दार लावून खोलीत बसली. मला रडायला आलं, आणि ते तुझ्यावरच्या रागानेच आलं, गैरसमज नको.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या आधी तयार होऊन बसली होती. म्हणाली, 'मूळ पानावरून घेतलेली जिवंत बुरशी फ्रीजमध्ये आहे ना, नळ्यांत तेलाखाली जपलेली? काढ. पानांच्या काढ्यावर वाढव आणि बटाटा-साखरेवर वाढव. दोन्हीकडे सारखी.' मी विचारलं कशासाठी. तिने माझ्या कानाकडे असं काही बघितलं की मी नळ्या काढायला गेले.

तुकडा अजून मिळणार नाही. फोन करायला मात्र समितीची परवानगी लागत नाही.

ताई


११ मार्च

ढब्बू,

तू फोन केलास, तो कळला. दोन वेळा केलास आणि दोन्ही वेळा तिने उचलल्यावर ठेवलास. तिला फोनच्या पडद्यावरचं नाव दिसत नाही, मला दिसतं. लहान आहेस का तू? पन्नाशीला आलास.

आता ऐक. पहिल्या खेपेला बटाटे मी बाजारातून आणले. आईने विचारलं, सोलले का. म्हटलं सोलले. साखर कुठली, पाणी किती वेळ उकळलं, कापूस कुणी कोंबला. माझी उलटतपासणी चालली होती. दहा दिवसांनी दोन्ही बशांमध्ये काळे ठिपके आले. पानांच्या काढ्यावरची शेपटी बाजूने निघत होती, जशी कायम निघते तशी. बटाटा-साखरेवरची मधून निघत होती. मी बघितलं, परत बघितलं, आणि जे दिसलं ते तिला सांगितलं. मला वाटलं होतं सांगताना जड जाईल, पण तिने 'बोल' म्हटलं की सवयीने तोंडातून निघतंच.

ती म्हणाली, 'बशांमध्ये भेसळ आहे.'

मी ताडकन उठले. म्हटलं, 'आई, त्यालाही हेच म्हणाली होतीस. बशा माझ्या आहेत. मी या घरात आणि या संस्थेत आजवर एक बशी घाण ठेवलेली नाही. तू दुसऱ्या कुणाला तरी घे, माझ्याने हे होणार नाही.' आणि बाहेर जाऊन व्हरांड्यात उभी राहिले. मी तिच्याशी आयुष्यात असं बोलले नव्हते. थोड्या वेळाने भिंतीला हात लावत ती बाहेर आली. म्हणाली, 'परत करू. एकाच बीजाणूपासून सुरू करू. म्हणजे भेसळीचा प्रश्नच नको.'

एकाच बीजाणूपासून केलं. डोळ्याला न दिसणारा एक कण सुईच्या टोकावर उचलायचा, तोही आई मागे उभी असताना. माझ्या नाकी नऊ आले. त्यातून उगवलेली बुरशी अर्धी इकडे, अर्धी तिकडे लावली. दहा दिवसांनी तेच. काढ्यावर बाजूने, बटाट्यावर मधून. एकाच बीजाणूची सगळी पिलावळ. आता भेसळ म्हणायला जागा नव्हती.

'मला दाखव,' ती म्हणाली. कसं दाखवणार? मग काल संध्याकाळी वर्ग सुटल्यावर सूक्ष्मदर्शकाचा कॅमेरा व्याख्यानगृहातल्या मोठ्या पडद्याला जोडला. एकेक बीजाणू माणसाएवढा झाला. आई पडद्याला नाक लावून उभी राहिली, मान वाकडी करून, म्हणजे डोळ्याच्या कडेत तरी काही पकडता येईल. आधी वरच्या शेपट्या बोटाने मोजल्या. मग बोट खण ओलांडत खाली आलं. तळाच्या खणावर तिने कोपरा चाचपला. कोपऱ्यात काही नव्हतं. बोट हळूहळू मधे सरकलं आणि तिथून शेपटीवरून खाली उतरलं.

'पुढचा,' ती म्हणाली. मी स्लाइड सरकवली. 'पुढचा.' असं स्लाइड संपेपर्यंत चाललं. तिच्या चेहऱ्यावर सगळा वेळ त्या बीजाणूंचा तपकिरी उजेड पडला होता. नंतर पहिल्या बाकावर बसली आणि म्हणाली, 'मी त्यांना जन्मभर एकच जेवण घातलं आणि म्हटलं, यांचा स्वभावच असा.'

मी वायर गुंडाळली. ढब्बू, तुझं बरोबर होतं. मला त्याचा आनंद झाला नाही, आणि तुलाही होऊ नये अशी माझी इच्छा आहे, पण तुझं बरोबर होतं.

ताई


२ एप्रिल

प्रिय ढब्बू,

सोबत पाकिटात तुकडा आहे. आईने सांगितलेल्या कोपऱ्यातूनच कापला आहे, त्यावर सात ठिपके आहेत, शिंकू नकोस.

नमुन्याच्या पुडीवर चिठ्ठी चिकटवायची आपली पद्धत तुझ्या लक्षात असेलच. जो कोणी नमुना नव्याने तपासतो त्याने आपला निर्णय लिहून चिठ्ठी लावायची, आधीची काढायची नाही. परवा पान कापायच्या आधी आईने कोरी चिठ्ठी मागितली. मी म्हटलं, तू सांग, मी लिहिते. 'निर्णय माझा, अक्षर माझं,' म्हणाली. जाड काळ्या पेनाने लिहिलं. ओळी तिरक्या गेल्या, एक शब्द चिठ्ठीच्या बाहेर टेबलावर गेला, तो मी नंतर स्पिरिटने पुसला. आपल्या प्रजातीचं नाव, त्यापुढे 'स्वतंत्र नाही', त्याखाली शेजारच्या प्रजातीचं नाव, सही, तारीख. तिचीच पहिली चिठ्ठी खाली आहे, सुबक, मोत्यासारख्या अक्षरातली. वर ही.

मला वाटलं, झालं एकदाचं. पण तिने लगेच टिपण सांगायला घेतलं. संस्थेच्या वार्तापत्राचा अंक जायचाच होता, त्यात तिने संपादकांकडून एक पान अडवून घेतलं. छापून आलंय, सोबत जोडलंय. थोडक्यात सांगायचं तर तुझ्या आधी तिनेच तिची प्रजाती मोडीत काढली आहे आणि आता तुझ्या लेखात तुला तिचा संदर्भ द्यावा लागेल. हे ती दिवसातून दोनदा मला सांगते आणि हसते. मला हे अजिबात हसण्यासारखं वाटत नाही.

टिपणावरून आमचं वाजलंच. पहिल्या मसुद्यात तुझा उल्लेख नव्हता. मी टाइप करायचं थांबले. म्हटलं, हे त्याने आधी पाहिलं होतं. ती म्हणाली, त्याने छापलं कुठे? म्हटलं, तू छापू दिलंस कुठे? मग ती टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. शेवटी म्हणाली, 'लिही.' आणि हे वाक्य सांगितलं, मी एक अक्षर बदललेलं नाही: 'ही गोष्ट सर्वप्रथम माझ्या मुलाच्या लक्षात आली. तेव्हा मी ती मानली नाही. चूक माझी होती.'

संपादकांचा फोन आला. शास्त्रीय टिपणात 'माझा मुलगा' असं चालत नाही, आद्याक्षरं आणि आडनाव घालू या, 'चूक माझी' हेही गाळू या. आई म्हणाली, 'शास्त्र तुमच्याकडेच ठेवा, टिपण परत द्या.' ते छापलं तसंच. ओळ पानाच्या तळाला आहे, बारीक टाइपात नाही.

आता पुढचं, आणि हे मी नीट लिहितेय, भांडून नाही. अकराच्या अकरा जाती तुला शेजारच्या प्रजातीत हलवाव्या लागतील, बारावीसुद्धा. ते वर्णन ती पुरं करतेय, प्रजातीचं नाव तेवढं बदलून. तुझ्या वंशवृक्षात दोन जाती चुकीच्या फांदीवर आहेत असं तिचं म्हणणं आहे. आकृती मीच वाचून दाखवली, त्याबद्दल माझी मलाच शिक्षा व्हायला हवी. तुझा लेख तिला छापण्याआधी हवाय. मी म्हटलं, आला की वाचून दाखवते. तर म्हणाली, 'तू नको. मला लागेल असं काही आलं की तू गाळतेस.'

खरं आहे, गाळते. तिची पत्रं, डॉक्टरांचं बोलणं, तू काय काय म्हणतोस ते, सगळं मी इतकी वर्षं गाळत आलेय, तिच्यासाठी आणि तुझ्यासाठीही. आता मी दमले, ढब्बू. माझ्याने तुमच्या दोघांच्या मधे उभं राहवत नाही.

म्हणून लेख पोस्टाने पाठवू नकोस, ईमेलनेही नको. घेऊन ये. तिच्या शेजारी बस आणि पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाच, काही न गाळता, तुटक रेघेसकट. ती तुला दर वाक्याला अडवेल. प्रकाश कमी कर म्हणेल. हात धुतलेस का विचारेल. तू चिडशील, ती चिडेल, आवाज खालच्या मजल्यावर जाईल. ती एक्याऐंशी वर्षांची आहे आणि तुझी वाट बघतेय. हे तिने मला सांगितलेलं नाही, पण फोन वाजला की ती माझ्या आधी उठते.

तारीख काय ती तिला कळव, मला नको. मी त्या दिवशी रजा घेणार आहे.

ताई